नागासाकीला दोन दिवस: कोकुऱ्यातल्या एका मास्तरणीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वसईची. गेली तीन वर्षं जपानमध्ये, किताक्यूशू शहराच्या कोकुरा भागात राहते आणि तिथल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवते. गेल्या नोव्हेंबरात शनिवार-रविवारला एक रजा जोडून नागासाकीला जाऊन आले. तेव्हापासून इकडचे मराठी शिक्षक, पुण्यात जपानी शिकून आलेली पोरं, भेटीला येऊ घातलेले कुणाकुणाचे आईबाबा आणि वसईच्या दोन मावश्या तेच तेच प्रश्न विचारताहेत. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

दोन दिवस पुरतात का?

पुरतात, पण दोन रात्री काढा. शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघालात तर रात्रीच्या जेवणाला पोचता. मग शनिवार अख्खा आणि रविवार दुपारपर्यंतचा वेळ हातात राहतो. फुकुओकाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारे पुष्कळ आहेत. संग्रहालय, चाम्पोनच्या शेवया, फोटो, परत. मला विचाराल तर हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण मग नागासाकी म्हणजे अकरा वाजून दोन मिनिटं, अणुबाँब पडला ती वेळ, एवढंच डोक्यात उरतं. ते मुळात बंदर आहे. १५७१ पासून तिथे परदेशी जहाजं लागताहेत. गाव डोंगराच्या कुशीत, समुद्र थेट गावाच्या पोटात शिरलेला. ते पायी हिंडल्याशिवाय कळत नाही.

थोडक्या वेळात पाहून गेलेली मोठी माणसंही आहेत म्हणा. १८९३ साली मुंबईहून शिकागोला निघालेले स्वामी विवेकानंद वाटेत इथे काही तासच उतरले, गाडीतून शहर पाहिलं आणि जपान्यांच्या स्वच्छतेवर खूश झाले. पण त्यांचं जहाज सुटणार होतं. तुमच्या गाड्या दिवसभर चालू असतात.

कोकुऱ्याहून किंवा फुकुओकाहून कसं जायचं? पास कुठला घ्यावा?

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनात ‘रिले कामोमे’ ही गाडी पकडायची, ताकेओ-ओन्सेनला उतरायचं आणि त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसायचं. हा शिन्कान्सेनचा तुकडा २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला. लांबी जेमतेम ६६ किलोमीटर, आणि तो अजून मुख्य जाळ्याला जोडलेला नाही, म्हणून ही उतरचढ. दादरला स्लो सोडून फास्ट पकडणाऱ्या माणसाला तिथे चुकल्याचुकल्यासारखं होतं: सगळा डबा शांतपणे उतरतो, चार पावलं चालतो, बसतो. कुणी कुणाला ढकलत नाही. हाकाता ते नागासाकी साधारण दीड तास. समुद्र दिसेल म्हणून खिडकीची सीट धरून बसू नका, शिन्कान्सेनचा निम्म्याहून जास्त रस्ता बोगद्यात जातो.

पासचं नीट ऐका, इथेच सगळे फसतात. आपण इथे नोकरी करणारे, खिशात रहिवासी कार्ड असलेले. परदेशी पर्यटकांसाठीचे रेल्वे पास आपल्याला मिळत नाहीत. आईबाबा पर्यटक म्हणून आले असतील तर त्यांना मिळतात, मग ते पासवर आणि तुम्ही तिकिटावर अशी वरात निघते. आणि कोकुऱ्याहून निघणाऱ्यांनी हे गाठीला बांधावं: कोकुरा ते हाकाता ही शिन्कान्सेन जेआर वेस्ट या वेगळ्या रेल्वे कंपनीची आहे, जेआर क्यूशूचा पास तिथे चालत नाही. त्या टप्प्याला साधी एक्सप्रेस ‘सोनिक’ घ्या, पाऊण तास लागतो. आपल्यासाठी जेआर क्यूशूच्या संकेतस्थळावर आधी काढलेलं तिकीट स्वस्त पडतं. घाई नसेल तर फुकुओकाहून बस आहे. वेळ जास्त, पैसे बरेच कमी.

कधी जावं?

नोव्हेंबर किंवा मार्चअखेर ते एप्रिल. जून-जुलैत पाऊस असतो आणि नागासाकीचा पाऊस म्हणजे रिमझिम नव्हे. २३ जुलै १९८२ च्या एका रात्रीत झालेल्या पावसाने २९९ माणसं गेली आणि १६३४ सालचा मेगानेबाशी हा दगडी जोडकमानी पूल अर्धा वाहून गेला. दगड नदीतून वेचून तो पुन्हा बांधला.

चांद्र नववर्षाला कंदिलांचा उत्सव असतो, ७ ते ९ ऑक्टोबरला सुवा देवळाचा ‘कुंची’. दोन्ही बघण्यासारखे, पण खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात. ९ ऑगस्टला, बाँब पडला त्या तारखेला, जायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. मी गेले नाही. तो त्या गावाचा स्वतःचा दिवस आहे.

राहायचं कुठे?

स्टेशनाजवळ किंवा शिन्ची चायनाटाउनजवळ, पण सपाटीवर. स्वस्त पडते म्हणून मी डोंगरउतारावरच्या एका छोट्या हॉटेलात खोली घेतली. नकाशावर ट्राम थांब्यापासून चारशे मीटर. त्या चारशे मीटरमध्ये पायऱ्या किती हे नकाशा सांगत नाही. मी एकशे बारापर्यंत मोजल्या आणि मग बॅगेचं चाक निखळल्यामुळे मोजणं सोडलं. शेजारून एक आजी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्या पुढे निघून गेल्या, जाताना ‘गाम्बात्ते’ म्हणाल्या. म्हणजे लगे रहो.

ट्राम कशी वापरायची?

१९१५ पासून चालू आहे आणि शहर फिरायला तेवढी पुरते. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं, पैसे उतरताना. कुठूनही कुठे जा, भाडं एकच, दीडशे येनच्या आसपास. कोकुऱ्यात वापरतो ती सुगोका किंवा निमोका ही प्रवासाची कार्डं चालतात. दिवसाचा पास पाच फेऱ्या झाल्या तर वसूल होतो. अणुबाँबच्या बाजूला जायचं तर स्टेशनावरून उत्तरेकडे, आकासाकोला जाणारी १ किंवा ३ नंबरची. जुन्या परदेशी वस्तीकडे जायचं तर १ नंबरने शिन्ची चायनाटाउन आणि तिथे ५ नंबर बदलायची. रोख पैसे देत असाल तर बदलताना चालकाकडून बदलीची चिठ्ठी मागून घ्या, नाहीतर दोनदा भाडं पडतं. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद पडली. माझ्या बाबांनी लहानपणी तिच्यातून प्रवास केलेला. त्यांना मी चालत्या ट्राममधून व्हिडिओ कॉल केला तर त्यांना शहर दाखवण्याची सोय उरली नाही. “घंटा ऐकव,” एवढंच चाललेलं.

वसईच्या मावशीचा प्रश्न: आपला गोन्सालो तिथे नक्की कुठे आहे गं?

मावशी, स्टेशनासमोरचा रस्ता ओलांडून पाचसात मिनिटं चढ चढायचा. त्या टेकडीचं नाव निशिझाका.

बाकीच्यांसाठी थोडं मागून सांगते. माझं आजोळ गासचं. तिथलं चर्च संत गोन्सालो गार्सियाच्या नावाचं, वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, किल्ल्यातलं एक पडकं चर्चही त्याच्याच नावाने ओळखतात. ते नाव आम्ही रिक्षावाल्याला पत्ता सांगताना इतक्यांदा घेतो की त्यामागे एक माणूस होता हे विसरायला होतं. तो १५५६-५७ च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पंधरासोळा वर्षांचा असताना जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला आणि भाषा अशी शिकला की पाद्र्यांना त्याच्याशिवाय पान हलेना. पुढे मकावमध्ये त्याने व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९३ साली दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात आला. तेव्हाचा जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी. त्याच्यासमोर उभं राहून स्पॅनिश पाद्र्यांचं बोलणं जपानीत सांगायचं काम या वसईच्या माणसाचं होतं.

चार वर्षांत वारं फिरलं. चोवीस जणांना क्योतो-ओसाकात पकडलं, वाटेत आणखी दोघांची भर पडून सव्वीस झाले, डाव्या कानाचे तुकडे कापले, भर थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला आणलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला या टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. नागासाकीच निवडलं, कारण ख्रिस्ती सगळ्यात जास्त इथे होते. त्यांना दिसावं म्हणून. सव्वीसांतले वीस जपानी होते, सगळ्यात लहान मुलगा बारा वर्षांचा. म्हणजे आपली सहावी-सातवी.

त्यांना १८६२ साली संतपद मिळालं. त्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९६२ साली, हे स्मारक उभं राहिलं. ग्रॅनाइटच्या लांब भिंतीवर ब्राँझच्या सव्वीस मूर्ती एका ओळीत. पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली लोंबताहेत. मी समोर उभी राहून आपला कुठला ते शोधत होते आणि मला ओळखता येत नव्हता. मागच्या संग्रहालयाच्या तिकीट खिडकीवर एक आजीबाई होत्या. त्यांना माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, मी इंदोची, गारुशिया-सानच्या गावची. त्या खिडकी सोडून बाहेर आल्या, माझी बाही धरून मला मूर्तींसमोर नेलं आणि बोट दाखवलं. मग दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या, मला एकटीला वेळ मिळावा म्हणून. मी स्टेशनातून घेतलेली फुलं ठेवली. फोटो मावशीला पाठवला. तिचा निरोप आला: “किती बारीक झालाय.”

शाळेत मी मुख्याध्यापकांचं बोलणं परदेशी पाहुण्यांना आणि पाहुण्यांचं मुलांना समजावत असते. अर्धी वाक्यं गाळते, थोडी गोड करते, तसं केल्याशिवाय चहापान पार पडत नाही. हिदेयोशीपुढे गोन्सालो काय गाळत असेल हा विचार टेकडी उतरताना डोक्यातून जात नव्हता.

अणुबाँबच्या जागा कशा क्रमाने बघाव्यात?

एक अख्खी सकाळ ठेवा आणि त्यानंतर काही ठरवू नका. ट्रामने ‘अणुबाँब संग्रहालय’ थांब्यावर उतरा. तिकीट २०० येन. आत गेल्यावर ११:०२ ला थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे. त्यापुढचं मी इथे लिहीत नाही. संग्रहालयाला लागूनच स्मृतिभवन आहे, तिथे आवाज नाही, फक्त पाणी आणि उजेड. आधी संग्रहालय, मग तिथे थोडं बसणं, मग खाली स्फोटबिंदू उद्यान. तिथे एक काळा खांब आहे. ९ ऑगस्ट १९४५ ला त्याच्या डोक्यावर सुमारे पाचशे मीटर उंचीवर बाँब फुटला आणि वर्ष संपेपर्यंत चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास माणसं मेली. खांबाशेजारी उराकामी चर्चच्या भिंतीचा एक तुकडा आणून उभा केलाय. रस्ता ओलांडून शांती उद्यान, तिथे १९५५ सालचा तो मोठा निळसर पुतळा: एक हात आकाशाकडे, एक आडवा. सहलींचे फोटो तिथेच निघतात. मला स्वतःला पुतळ्यापेक्षा समोरचं कारंजं भिडलं. होरपळलेली माणसं पाणी पाणी करत गेली, म्हणून ते बांधलंय.

शिक्षक असाल तर शिरोयामा प्राथमिक शाळा चुकवू नका. स्फोटबिंदूपासून अंतर पाचशे मीटर. मुलं त्या दिवशी शाळेत नव्हती, घरी होती, आणि शाळेची सुमारे १,४०० मुलं घरीच मरण पावली असा अंदाज आहे. शाळा आजही भरते. जुन्या इमारतीचा एक भाग राखून तिथे छोटं प्रदर्शन केलंय. मी आत असताना बाहेरच्या मैदानावरून शिट्टी आणि मुलांचा आरडाओरडा येत होता. आवारात चेरीची झाडं आहेत. त्या दिवशी इथे कामाला लावलेल्या आणि बाँबने गेलेल्या कायोको नावाच्या विद्यार्थिनीच्या आईने ती पहिल्यांदा लावली. त्यांना कायोको साकुरा म्हणतात.

उराकामी चर्च मात्र रविवारी सकाळी बघा. मी मिस्साला बसले. म्हाताऱ्या बायका डोक्यावर पांढरी जाळीदार ओढणी घेऊन येतात, पुस्तक न उघडता गातात. बाँबच्या वेळी दोन मनोऱ्यांत दोन घंटा होत्या. एक फुटली, दुसरी राडारोड्याखाली साबूत मिळाली आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाजली. दुसऱ्या मनोऱ्यातली जागा ऐंशी वर्षं रिकामी होती. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी देणगीतून घंटा करून दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ ला दोन्ही पुन्हा एकत्र वाजल्या. वसईकराला घंटांचं वेगळं सांगायला नको. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर आमच्या चर्चांच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराला, मेणवलीला, भीमाशंकरला गेल्या आणि आजही तिथे टांगलेल्या आहेत. मेणवलीची मी वाजवलीये.

लहान मुलांना न्यावं का?

आठवी-नववीपासून पुढे निःशंक. त्याहून लहान असतील तर बाहेरची उद्यानं दाखवा, संग्रहालय नको.

पण मुळात नागासाकीच का? ओसाका, क्योतो सोडून?

कारण मी कोकुऱ्यात राहते.

अणुबाँबच्या त्या दिवशीचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं, इथला शस्त्रांचा कारखाना. विमानाने गावावर तीन घिरट्या घातल्या. ढग होते, धूर होता, खालचं दिसेना, तेव्हा ते नागासाकीकडे वळलं. कारखान्याच्या जागी आता कात्सुयामा पार्क आहे. मी रोज संध्याकाळी तिथे चालायला जाते. तिथे नागासाकीच्या स्मरणार्थ एक घंटा आहे आणि दर ९ ऑगस्टला लोक जमतात. बाहेरगावचे लोक याला ‘कोकुऱ्याचं नशीब’ म्हणतात. इथल्या माणसाच्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला नाही.

आमच्याकडच्या सहावीच्या सहली बहुतेक नागासाकीलाच जातात. जाण्याआधी महिनाभर वर्गात कागदाचे बगळे घडवतात, हजार करायचे आणि ओवून न्यायचे. मलाही एक हिरवा कागद मिळाला. माझ्या बगळ्याची चोच मानेत शिरली. शेजारच्या मुलीने तो काही न बोलता उलगडला, नखाने घड्या दाबल्या, पुन्हा घडवला आणि माझ्याच हातात दिला, मी केला असं दिसावं म्हणून. मग विचारलं, “सेन्सेई, तुम्ही गेला आहात का तिथे?” सहाय्यक शिक्षकांना सहलीला नेत नाहीत. नाही म्हणाले आणि त्याच संध्याकाळी रजेचा अर्ज भरला.

देजिमा बघण्यासारखं आहे का? आता तर ते बेटही राहिलं नाही म्हणतात.

बेट राहिलं नाही हे खरं, चहूकडे भराव पडला. तरी जा, आणि दोन तास द्या. १६३६ साली पोर्तुगीजांना कोंडायला बांधलेलं पंख्याच्या आकाराचं हे बेट, क्षेत्रफळ दीड हेक्टर, म्हणजे आपल्याकडची एखादी बरीशी वाडी. पोर्तुगीजांना हाकलल्यावर १६४१ पासून डच इथे राहिले ते थेट १८५९ पर्यंत. दोनशेहून जास्त वर्षं युरोपशी व्यापार करायला सगळ्या जपानला एवढीच खिडकी. वखारी, पाकगृह, कप्तानाची खोली, सगळं नव्याने बांधलंय पण जुन्या पद्धतीने.

वेंगुर्ल्याची पडकी डच वखार पाहिली असेल तर इथे जरा थबकायला होतं. कंपनी तीच, काळही तोच. जपानचं तांबं डच जहाजांतून हिंदुस्थानात यायचं आणि आपल्याकडची छापील सुती कापडं इकडे जायची. त्या कापडाला जपानीत अजून ‘सारासा’ म्हणतात. पोर्तुगीज तर दोघांच्याही जिभेवर बसलेले आहेत. आपण पाव म्हणतो, ते पान. आपला साबण, त्यांचा शाबोन. साबणाच्या फुग्यांना शाबोन-दामा. मी हे वर्गात फळ्यावर लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक झोपाळू मुलगा पहिल्यांदा आपण होऊन हात वर करून म्हणाला, “मग सेन्सेई, तुम्हाला अर्धी जपानी आधीच येत होती.”

पतंगांचं काय ऐकलं? तिथेही मांजा असतो?

असतो! नागासाकीचा पतंग आपल्यासारखाच चौकोनी, बिनशेपटीचा, काटाकाटीचा. त्याला ‘हाता’ म्हणतात आणि तो देजिमावरच्या डचांबरोबर आलेल्या आशियाई नोकरांनी आणला असं सांगतात. दोऱ्याला काचेची पूड लावतात, नाव ‘बिदोरो योमा’. बिदोरो म्हणजे काच, हाही शब्द पोर्तुगीजच. एप्रिलमध्ये टेकड्यांवर काटाकाटी होते. मी नोव्हेंबरात गेल्यामुळे दुकानात टांगलेलेच पाहिले. लाल, पांढरा, निळा, डच झेंड्याचे रंग.

ग्लोव्हर गार्डन आणि ओउरा चर्चचा चढ आईबाबांना झेपेल का?

झेपेल, पण खालून चढू नका. ५ नंबर ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर, इशिबाशीला उतरा. तिथून डोंगरावर तिरकी जाणारी सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. तिने वर जाऊन बागेच्या वरच्या फाटकातून शिरायचं आणि बंदर बघत बघत खाली उतरायचं. स्कॉटिश व्यापारी ग्लोव्हरचं १८६३ सालचं लाकडी घर आहे, व्हरांड्यासकट. महाबळेश्वर-माथेरानचे जुने बंगले पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही, व्हरांड्यातून दिसणाऱ्या समोरच्या गोदीचं वाटेल. तिथली १९०९ सालची अजस्र क्रेन अजून उभी आहे.

खाली उतरलात की ओउरा चर्च. १८६५ साली ते सुरू झालं तेव्हा जपानात ख्रिस्ती धर्मावर असलेली बंदी अजून उठली नव्हती, चर्च फक्त परदेशी लोकांसाठी होतं. १७ मार्चला उराकामीचे काही शेतकरी आत आले आणि फ्रेंच पाद्र्याच्या कानाशी कुजबुजले की तुमच्या मनात आहे तेच आमच्याही मनात आहे. अडीचशे वर्षं, पाद्री नाही, पुस्तक नाही, आणि घराघरांत लपवून राखलेलं. बंदी उठली १८७३ ला. चर्च त्या सव्वीसांनाच वाहिलेलं आहे आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे आहे. म्हणजे मावशी, इथेही आपला आहेच.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

खरं सांगू? घरून थेपले, चटणी आणि सातूचं पीठ न्या. नागासाकीचं प्रसिद्ध खाणं म्हणजे चाम्पोन. १८९९ साली सुरू झालेल्या शिकाइरोच्या चिनी मालकाने गरीब चिनी विद्यार्थ्यांसाठी हे काढलं: भाज्या, मासळी, डुकराचं मांस, जाड शेवया, डुकराच्या हाडांचा रस्सा. त्याचीच कुरकुरीत शेवयांवर ओतलेली आवृत्ती म्हणजे सारा उदोन. मी खाते, मला दुसरी जास्त आवडली. माझ्याबरोबरची सोलापूरची मैत्रीण शाकाहारी. तिने एका दुकानात “मांस नको” असं तीनदा सांगितलं. आलेल्या ताटलीत मांस नव्हतं. गुलाबी काठाच्या सुंदर पांढऱ्या चकत्या होत्या. तिने मुळा समजून दोन खाल्ल्या. माशाच्या होत्या. दुकानदाराची चूक नाही, मासा हा मांसात धरत नाहीत. म्हणून “मांस, मासे, दाशी, तिन्ही नको” असं जपानीत लिहून मोबाइलवर ठेवा (दाशी म्हणजे बहुधा माशाचं सार). ‘तुर्की भात’ नावाने फसू नका, एका ताटात पुलाव, स्पॅगेटी आणि वर डुकराचं कटलेट असतं. तुर्कस्तानचा संबंध काय ते तुर्कांनाच विचारा.

गोडाचं मात्र राज्य आहे. रस्त्याकडेला गाडीवर आज्या ‘चिरिन चिरिन आइस’ विकतात, उलथन्याने थापून थापून गुलाब करतात. आपल्या गोळ्यापेक्षा मऊ, कुल्फीपेक्षा पातळ. १९२५ पासून चालणाऱ्या त्सुरुचानमध्ये मिल्कशेक चमच्याने खायचा असतो. साखर या बंदरात उतरायची आणि नागासाकी काइदो या जुन्या वाटेने पुढे जायची, म्हणून वाटेवरच्या गावोगावी मिठाया. १७२९ साली शोगुनसाठी, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशासाठी, आणलेला हत्तीसुद्धा याच वाटेने चालत गेला. ती वाट संपते कुठे? कोकुऱ्यात, तोकिवाबाशी पुलावर. माझ्या घरापासून दहा मिनिटं.

गुन्कांजिमाची बोट घ्यावी का?

घ्या, पण उतरायला मिळेलच असं धरून चालू नका. कोळशाच्या खाणीचं हे बेट १९७४ साली ओस पडलं, काँक्रीटच्या चाळी तशाच उभ्या. लाट मोठी असली तर बोट प्रदक्षिणा घालून परत आणतात. आमची परत आणली. शेजारचा एक काका वाकून पिशवीत ओकत होता आणि मधूनच डोकं वर काढून फोटो घेत होता. युद्धकाळात इथे कोरियन आणि चिनी माणसांना जबरदस्तीने राबवलं, ते वाचून जा. बोटीवरच्या निवेदनात चाळींच्या उंचीचं कौतुक जास्त होतं.

रात्रीचं बंदर कुठून बघावं?

इनासायामा, उंची ३३३ मीटर, वर जायला रोपवे. सूर्यास्ताआधी अर्धा तास पोचा म्हणजे दिवे लागताना दिसतात. वारा बोचरा असतो, स्वेटर न्या.

स्टाफरूमसाठी काय आणायचं?

कास्तेरा. हा पोर्तुगीजांकडून आलेला अंड्यांचा केक, फुकुसाया १६२४ पासून करतंय. अख्खी लादी घेऊ नका, स्टाफरूममध्ये सुरी कुणी धुवायची यावरून कुजबुज होते. एकेक तुकडा वेगळा बांधलेला डबा घ्या. माणसं मोजून जा, त्यात सफाईवाले काका आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाई धरा. मी बत्तीस तुकडे नेले, माणसं तेहतीस निघाली. माझा मी सोडला. तळाशी जाड साखरेचे खडे असतात, तेच खरं. आमचे उपमुख्याध्यापक वरचा केक आधी संपवतात, कागदाला चिकटलेले खडे नखाने काढून शेवटी खातात आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे सही मागायला कुणी जात नाही.